कागदावर ओस पाडलेली बेटे

मुंबईवरून नकाशावर सरळ दक्षिणेकडे रेघ ओढत गेले, तर लक्षद्वीप आणि मालदीव यांच्या कडेकडेने ती विषुववृत्त ओलांडते आणि साधारण 2,900 किलोमीटरवर समुद्रातल्या एका अरुंद, वाकड्या पट्टीला येऊन टेकते. ही पट्टी म्हणजे दिएगो गार्सिया. बातम्यांत हे नाव येते ते अमेरिकी बॉम्बफेकी विमानांसोबत. आखातातले युद्ध असो की अफगाणिस्तानातले, विमाने इथून उडाली. पण ज्या चागोस द्वीपसमूहातले हे सर्वांत मोठे बेट, त्याचा वस्तीचा इतिहास या तळाहून जवळजवळ 200 वर्षांनी जुना आहे. त्या इतिहासात मुंबईचाही थोडा वाटा आहे.

चागोस म्हणजे सात कंकणद्वीपे, त्यांच्यावर विखुरलेली साठेक बेटे आणि पाण्याखाली दडलेले प्रवाळांचे अनेक उंचवटे. सगळी जमीन एकत्र केली तरी ती भरते सुमारे 60 चौरस किलोमीटर, म्हणजे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाहूनही कमी. त्यातली जवळपास निम्मी एकट्या दिएगो गार्सियाची. जमीन एवढीशी असली, तरी पाण्याखालचा पसारा प्रचंड आहे. ग्रेट चागोस बँक हे जगातले सर्वांत मोठे प्रवाळकंकण मानले जाते. त्याचा विस्तार 12,000 चौरस किलोमीटरहून अधिक, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्याच्या दीडपटीहून मोठा. एवढ्या पसाऱ्यात पाण्यावर डोके काढलेली बेटे मात्र मोजकीच. बाकीचे सगळे लाटांच्या खाली.

बुडालेल्या ज्वालामुखींच्या माथ्यांवर प्रवाळांनी लाखो वर्षांत हे बांधकाम केले. त्यामुळे इथे डोंगर नाही, नदी नाही, काळी माती नाही. बहुतेक जमीन समुद्रसपाटीपासून मीटर-दोन मीटर उंच. पाऊस मात्र भरपूर पडतो. त्याचे गोडे पाणी वाळूत मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखे तरंगत राहते. याच थराच्या जोरावर नारळ वाढतो आणि उथळ विहिरीतून माणसालाही पाणी मिळते. विषुववृत्त जवळ असल्याने चक्रीवादळेही इकडे क्वचितच फिरकतात. मोठ्या कंकणाच्या आत खोल, शांत पाणी, जगाच्या वर्दळीपासून दूर, आणि तरीही हिंदी महासागराच्या मधोमध. या बेटांचे पुढे जे झाले, त्याची मुळे या भूगोलातच आहेत.

पोर्तुगीज खलाशांना ही बेटे सोळाव्या शतकात दिसली. दिएगो गार्सिया आणि पेरोस बान्योस ही नावे त्यांच्याच काळातली. 1555 मध्ये लिस्बनहून हिंदुस्थानकडे निघालेले ‘कॉन्सेसांव’ नावाचे जहाज पेरोस बान्योसच्या खडकांवर फुटले. पुढची दोन शतके खलाशांना ही बेटे म्हणजे टाळायची धोक्याची जागा एवढेच माहीत होते. टाळायची तरी कशी? नकाशांत त्यांच्या जागाच चुकलेल्या होत्या. मे 1786 मध्ये बटाव्हियाहून सिलोनकडे चाललेले ‘ॲटलस’ हे जहाज अशाच एका चुकीच्या नकाशामुळे दिएगो गार्सियावर आदळले. त्यावरचा एक तरुण अधिकारी वाचला आणि मुंबईला पोचला. त्याचे नाव जेम्स हॉर्सबर्ग. चुकीचा नकाशा काय करतो हे अंगावर झेललेल्या या माणसाने पुढे आयुष्यभर सागरी मार्गांची टिपणे जमवली. 1810 मध्ये तो ईस्ट इंडिया कंपनीचा जलमोजणी अधिकारी झाला, आणि त्याच्या मार्गदर्शिकेवर पूर्वेकडच्या जहाजांच्या कित्येक पिढ्या चालल्या.

त्याच 1786 साली कंपनीच्या मुंबई सरकारने दिएगो गार्सिया ताब्यात घेण्यासाठी एक मोहीम पाठवली होती. हिंदुस्थानच्या वाटेवर जहाजांना पाणी, भाजीपाला आणि विसावा मिळावा, असा बेत होता. बंदराची मोजणी करायला सोबत होते आर्चिबाल्ड ब्लेअर. अंदमानातल्या पोर्ट ब्लेअरला ज्यांचे नाव मिळाले, तेच हे ब्लेअर. पण मॉरिशसच्या फ्रेंचांनी निषेध नोंदवला, आणि या वाळूत धान्य पिकत नाही हेही लवकरच कळून चुकले. वर्ष सरायच्या आत मुंबईकरांनी तिथला गाशा गुंडाळला. मुंबईचा संबंध मात्र तुटला नाही. 1837 मध्ये मुंबईच्या आरमारातील रॉबर्ट मोर्सबी यांनी चागोसची बारकाईने मोजणी केली. चार्ल्स डार्विन या बेटांवर कधी गेला नाही, पण 1842 मध्ये प्रवाळांवर ग्रंथ लिहिताना ग्रेट चागोस बँकेसाठी तो मोर्सबींच्या मोजणीवर विसंबला.

मुंबईला जे जमले नाही, ते फ्रेंचांनी नारळाच्या बळावर केले.

1783 च्या सुमारास मॉरिशसच्या फ्रेंच सरकारने एका मळेवाल्याला दिएगो गार्सियावर नारळ लावण्याचा परवाना दिला. राबायला गुलाम आणले, बहुतेक मादागास्कर आणि मोझांबिकमधून. त्याच काळात मॉरिशसचे काही कुष्ठरोगीही इथे धाडले गेले, कारण कासवाच्या मांसाने हा रोग बरा होतो असा तेव्हाचा समज होता. बेटावर पाय रोवून राहणारी पहिली माणसे ही अशी होती. स्वतःच्या मर्जीने आलेला त्यांत जवळजवळ कोणी नव्हता. 1814 च्या पॅरिस तहाने मॉरिशस आणि त्याची उपबेटे इंग्रजांकडे गेली. 1835 मध्ये गुलामी कायद्याने संपली, आणि पुढे काही हिंदी मजूरही आले. मळे मात्र त्याच पद्धतीने चालू राहिले. नारळ गोळा करायचे, सोलायचे, फोडायचे, खोबरे वाळवायचे आणि घाण्यावर तेल काढायचे. घाण्याला गाढवे जुंपलेली असत. मॉरिशसमधले दिवे ज्या तेलावर जळत, ते इथून जाई, म्हणून या बेटांना ‘तेलाची बेटे’ असेच म्हणत.

चार-पाच पिढ्यांत इथे एक समाज तयार झाला. त्याची स्वतःची क्रेओल बोली होती, सेगा गाणी होती, नारळाच्या दुधातली मासळी होती आणि दिएगो गार्सियाच्या पूर्व काठावर चर्च होते. मजुरीचा काही भाग तांदूळ, तेल, मीठ अशा शिध्यात मिळे. घरामागे भाजी, कोंबड्या, डुकरे, समोर मासे. पैसा थोडा, पण उपाशी कोणी नाही. या आयुष्याला नंदनवन म्हणण्याचे कारण नाही. कंपनीचा व्यवस्थापक हाच इथला मालक, तोच पोलीस आणि तोच न्यायाधीश होता. पोर्ट लुईहून 2,000 किलोमीटरवरच्या मळ्यावर त्याला जाब विचारणार कोण?

तो जाब विचारण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मॉरिशस सरकार अधूनमधून एक न्यायदंडाधिकारी पाठवू लागले. तो जहाजाने येई, तक्रारी ऐके, दंडाची आणि कोंडवाड्याची वही तपासे, लोकांची मोजदाद करी आणि परत जाऊन अहवाल लिही. मजुरी किती, रेशन किती, मुले किती, मृत्यू किती, सगळे त्यात असे. हे अहवाल लक्षात ठेवायला हवेत. या बेटांवर कोण राहते, किती पिढ्यांपासून राहते, हे ब्रिटिश प्रशासनाने स्वतःच्याच कागदांत शंभर वर्षे लिहून ठेवले होते. पुढे ‘आम्हाला ठाऊक नव्हते’ असे म्हणायला जागाच उरली नव्हती.

बेटांचे दूरपण किती खरे होते, याचा एक प्रसंग 1914 चा आहे. ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेने 22 सप्टेंबरला मद्रासचे तेलाचे साठे पेटवून दिले आणि सारा बंगालचा उपसागर हादरवला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तीच नौका कोळसा भरायला आणि तळ खरवडायला दिएगो गार्सियाच्या बंदरात शिरली. बेटावर ब्रिटिश अंमल होता, पण महायुद्ध सुरू झाल्याची बातमीच तिथे पोचलेली नव्हती. त्यामुळे शत्रूच्या नौकेचे पाहुण्यासारखे स्वागत झाले. जर्मन खलाशांनी तिथली बिघडलेली मोटारबोट दुरुस्त करून दिली आणि एम्डेन निघून गेली.

दुसऱ्या महायुद्धात इथे समुद्रात उतरणाऱ्या विमानांचा तळ झाला आणि लढाई संपल्यावर उठला. 1950 च्या दशकाच्या अखेरीस मात्र अमेरिकी नौदलात एक विचार मूळ धरू लागला. वसाहती स्वतंत्र होत होत्या, उद्या त्या आपले तळ हलवायला सांगतील. तेव्हा मोक्याची, दूरची, ‘माणसांचा त्रास नसलेली’ बेटे आजच हेरून ठेवावीत, असा तो विचार होता. नौदलातील नियोजक स्टुअर्ट बार्बर यांनी तो मांडला, आणि नकाशावर बोट येऊन थांबले ते दिएगो गार्सियावर. अडचण एकच होती. तिथे माणसे होती.

मॉरिशसच्या स्वातंत्र्याची बोलणी लंडनमध्ये चालू असतानाच, 8 नोव्हेंबर 1965 रोजी, ब्रिटनच्या राणीच्या आज्ञेने एक नवीच वसाहत जन्माला घातली गेली. नाव ‘ब्रिटिश इंडियन ओशन टेरिटरी’. मॉरिशसपासून चागोस तोडले आणि सेशेल्सपासून अल्दाब्रा, फारकार आणि देरोश. मॉरिशसला 30 लाख पौंड मिळाले. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने पुढच्याच महिन्यात ठराव करून मॉरिशसची फाळणी करू नका असे बजावले, पण कोणी ऐकले नाही. 30 डिसेंबर 1966 रोजी ब्रिटन आणि अमेरिका यांनी पत्रांची देवाणघेवाण करून बेटे 50 वर्षांसाठी संरक्षणाच्या कामाला दिली. अमेरिकेने उघडपणे भाडे दिले नाही. पोलारिस क्षेपणास्त्रांच्या व्यवहारात ब्रिटनला 1 कोटी 40 लाख डॉलरची सूट देण्यात आली, आणि ही बाब दोन्हीकडच्या संसदांपासून लपवून ठेवली गेली.

यानंतरचा भाग फायलींमध्ये घडला. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेप्रमाणे वसाहतीत कायमची वस्ती असेल, तर तिच्या हिताची जबाबदारी सत्ताधाऱ्यावर येते आणि अहवाल द्यावा लागतो. म्हणून लंडनच्या अधिकाऱ्यांनी ठरवले की इथे कायमची वस्ती नाहीच, असे मांडायचे. जे आहेत ते मॉरिशस आणि सेशेल्सचे कंत्राटी कामगार, काम संपले की जाणारे. 1966 च्या सरकारी टिपणांत या लोकांविषयी हेटाळणीने लिहिलेल्या ओळी नंतर उघड झाल्या. आजही त्या वाचताना संताप येतो. ज्यांच्या आज्या-पणज्या बेटावरच्या दफनभूमीत होत्या, त्यांना एका कारकुनी वर्गीकरणाने पाहुणे ठरवण्यात आले. त्या वेळी चागोसवर साधारण दीड-दोन हजार माणसे राहत होती.

1967 मध्ये प्रशासनाने 6,60,000 पौंडांना मळे विकत घेतले. मग हळूहळू दोर आवळला. औषधपाण्यासाठी किंवा नातलगांना भेटायला मॉरिशसला गेलेल्यांना परतीच्या जहाजात जागाच मिळेना. पेरोस बान्योसच्या रिता बांकूल 1968 मध्ये गाडीखाली सापडून जखमी झालेल्या लहान मुलीला घेऊन उपचारासाठी मॉरिशसला आल्या. मुलगी वाचली नाही. परत जायला बंदरावर गेल्या, तर बेटे विकली गेली, आता जाता येणार नाही, असे उत्तर मिळाले. सोबत चार वर्षांचा मुलगा ऑलिव्हिए होता. हाच मुलगा पुढे ब्रिटिश सरकारला न्यायालयात खेचणार होता.

बेटांवर उरलेल्यांसाठी धान्य आणि औषधांची आवक आटत गेली. 1971 च्या एप्रिलमध्ये अध्यादेश निघाला. परवान्याशिवाय या प्रदेशात असणे हाच गुन्हा ठरला, मग तुमचा जन्म तिथला का असेना. त्याच वर्षी दिएगो गार्सिया रिकामे केले गेले. लोकांच्या डोळ्यांदेखत त्यांच्या शेकडो कुत्र्यांना खोबरे वाळवण्याच्या भट्टीघरात कोंडून धुराने मारले. मग ‘नॉर्डव्हेर’ या जहाजात माणसे भरली. एक पेटी, एक अंथरूण, एवढेच न्यायची परवानगी. काहींना आधी पेरोस बान्योस आणि सालोमोन इथे हलवले, पण 1973 च्या मे महिन्यात तिथूनही शेवटची माणसे निघाली. सेशेल्समध्ये पुढच्या जहाजाची वाट पाहताना काही कुटुंबांना तुरुंगाच्या कोठड्यांत ठेवले होते. पोर्ट लुईत त्यांच्या नशिबी झोपड्या आणि बेकारी आली. नारळ सोलण्यात आणि मासेमारीत तरबेज असलेल्या हातांना तिथे काम नव्हते.

मॉरिशसला गेलेल्या कोकणातल्या मजुरांच्या वंशजांमुळे मराठी वाचकाला पोर्ट लुई परके नाही. त्याच शहराच्या रोश ब्वा आणि कासी या वस्त्यांत हे विस्थापित जगले. 1975 मध्ये मिशेल व्हेंकाटासेन यांनी लंडनमध्ये पहिला दावा लावला. बायकांनी उपोषणे केली, मोर्चे काढले, त्यांना अटक झाली. शार्लेझिया अलेक्सिस आणि लिझेट तालात ही त्या लढ्यातली दोन मोठी नावे. 1982 मध्ये 40 लाख पौंडांची तडजोड झाली. पण त्यासाठी अनेकांच्या अंगठ्याचे ठसे ज्या इंग्रजी कागदावर घेतले, त्यात परतीचा हक्क सोडल्याचे लिहिले आहे, हे त्यांना समजावून कोणी सांगितले नव्हते, ही त्यांची तक्रार कायम राहिली.

माणसे गेल्यावर उरलेल्या प्रदेशाचा कारभार चालला कसा? सुरुवातीला सेशेल्सचे गव्हर्नर हेच इथले आयुक्त होते. 1976 मध्ये सेशेल्स स्वतंत्र झाले, त्यांची तीन बेटे त्यांना परत मिळाली, आणि प्रदेश चागोसपुरता उरला. त्यानंतर आयुक्त बसतो लंडनमध्ये, परराष्ट्र खात्याच्या कचेरीत. कायदे तोच करतो. विधिमंडळ नाही, मतदार नाही. बेटावर आयुक्ताचा प्रतिनिधी म्हणून ब्रिटिश नौदलाचा एक अधिकारी असतो, त्याच्या हाताखाली मूठभर माणसे पोलीस, जकात आणि इतर कामे पाहतात. तळावरची काही हजार माणसे म्हणजे अमेरिकी सैनिक आणि कंत्राटी कामगार, त्यात फिलिपिनो बरेच. व्यवहार डॉलरमध्ये, गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने. टपाल तिकिटे मात्र 1968 पासून या प्रदेशाच्या नावाने छापली जात होती. इंटरनेट आल्यावर त्याच्या वाट्याला ‘.आयओ’ हा पत्ता आला. पुण्या-बंगळूरच्या कितीतरी नवउद्योगांनी आपल्या संकेतस्थळाला ही अक्षरे हौसेने जोडली. ती कोणत्या बेटांची आहेत, हे त्यांतल्या थोड्यांनाच ठाऊक असेल.

तीस वर्षांनी जुन्या फायली खुल्या झाल्या आणि गुपिते बाहेर आली. ऑलिव्हिए बांकूल यांच्या दाव्यावर 3 नोव्हेंबर 2000 रोजी लंडनच्या उच्च न्यायालयाने निकाल दिला: 1971 चा तो अध्यादेश बेकायदा होता. सरकारने तेव्हा तो मानला. 2004 मध्ये पुन्हा राणीची आज्ञा काढून, संसदेत चर्चा न करता, बंदी परत लादली. खालच्या दोन न्यायालयांत बेटकरी जिंकले. 2008 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये मात्र ते तीन विरुद्ध दोन मतांनी हरले.

मग 2010 मध्ये साऱ्या समुद्रावर राखीव क्षेत्र जाहीर झाले, सुमारे 6,40,000 चौरस किलोमीटरचे, मासेमारीला पूर्ण मनाई असलेले. इथले प्रवाळ खरोखर मोलाचे आहेत. ज्या बेटांवर उंदीर पोचले नाहीत, तिथे समुद्रपक्षी अफाट संख्येने राहतात, त्यांची विष्ठा पावसाबरोबर समुद्रात उतरते आणि भोवतालचे प्रवाळ नि मासे जोमाने वाढतात, हे 2018 मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. अशा समुद्राचे रक्षण व्हायलाच हवे. पण राखीव क्षेत्र झाले की बेटकऱ्यांचे परतणे अवघड होईल, असे ब्रिटिश अधिकाऱ्याने अमेरिकी मुत्सद्द्यांना सांगितल्याची तार नंतर विकिलीक्सने बाहेर आणली. निसर्गरक्षणासारख्या चांगल्या कामाला या हेतूने वापरणे हा त्या प्रवाळांवरही अन्याय आहे. 2015 मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने हे क्षेत्र जाहीर करताना मॉरिशसचे हक्क डावलले गेल्याचे म्हटले.

25 फेब्रुवारी 2019 रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 13 विरुद्ध 1 असे मत दिले: चागोस तोडणे बेकायदा होते आणि ब्रिटनने तिथला कारभार शक्य तितक्या लवकर आटोपावा. भारताने या प्रकरणात मॉरिशसची बाजू घेतली होती, आणि बहुमतातील न्यायाधीशांत दलवीर भंडारी होते. 2021 मध्ये जागतिक टपाल संघटनेने त्या प्रदेशाची तिकिटे नाकारली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये श्रीलंकेचे तमीळ निर्वासित असलेली एक नाव संकटात सापडून दिएगो गार्सियाला लागली. या माणसांना तिथे तीनेक वर्षे कुंपणाआड तंबूत ठेवले. डिसेंबर 2024 मध्ये त्या प्रदेशाच्याच न्यायालयाने ही कैद बेकायदा ठरवली. सत्ता आणि न्याय दोन्ही हजारो किलोमीटरवर बसले की माणसांचे काय होते, हे मळ्यांच्या काळात दिसले होते. दीडशे वर्षांनी ते पुन्हा दिसले.

अखेर 22 मे 2025 रोजी ब्रिटन आणि मॉरिशस यांनी करारावर सह्या केल्या. चागोसवरची सत्ता मॉरिशसची आहे हे त्यात मान्य केले आहे, पण दिएगो गार्सियाचा तळ 99 वर्षांच्या मुदतीने ब्रिटनकडेच राहील आणि त्यासाठी वर्षाला सरासरी 10 कोटी 10 लाख पौंड द्यायचे ठरले. चागोसकरांसाठी 4 कोटी पौंडांचा निधी आहे. कराराच्या वाटाघाटींत मात्र त्यांचा प्रतिनिधी नव्हता. एका राज्याने त्यांना न विचारता हलवले आणि दोन राज्यांनी त्यांना न विचारता त्यांच्या बेटांचा निकाल लावला, ही या करारातली सर्वांत मोठी उणीव आहे. बाकीच्या बेटांवर पुनर्वसन करायला मॉरिशस मोकळे आहे. दिएगो गार्सियावर, जिथे सर्वांत जास्त कुटुंबांची घरे होती, तिथे पुन्हा वसण्याची मुभा मात्र या करारातही नाही.